उजेड राखणारा हात

सा. ल. हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र कुणाला माहीत नाही? साडीतली तरुणी उभी आहे, एका हातात दिवा आहे आणि दुसऱ्या हाताचा तिनं ज्योतीला आडोसा केला आहे. दिनदर्शिकांवर, मिठाईच्या खोक्यांवर, रांगोळीच्या प्रदर्शनांत, भरतकामात, शाळांच्या स्नेहसंमेलनातल्या सजीव देखाव्यांत ते इतक्यांदा येऊन गेलं आहे की आता कुणी थांबून पाहत नाही. नुसतं ओळखतात आणि पुढे जातात. मला या चित्राकडे थांबून पाहायचं आहे. माझ्या मते गेल्या शतकात मराठी चित्रकारांच्या हातून जी थोडी निर्दोष चित्रं झाली, त्यांत ते बसतं. त्याचा गोडवा हे त्याचं खरं मोठेपण नव्हे.

पाहायला सुरुवात करायची ती ज्योतीपासून, आणि ज्योत तर हातामागे आहे. आपल्याला दिसतो तो तिचा परिणाम. बोटांच्या कडा तांबूस पेटल्या आहेत, चेहऱ्यावर ऊब उतरली आहे, साडीच्या वरच्या घड्या उजळून खाली हळूहळू विझत गेल्या आहेत आणि मागे भिंतीवर सावली पडली आहे. प्रकाशाचा उगम लपवून त्याच्या खुणांवर अख्खं चित्र उभं करायचं हा मोठा धाडसी डाव आहे. ज्योत दाखवली असती तर नजर थेट तिच्यावर गेली असती आणि चेहरा दुय्यम झाला असता. ती झाकल्यामुळे नजरेला एका जागी बसता येत नाही. ती हातावरून चेहऱ्यावर जाते, चेहऱ्यावरून सावलीत, आणि पुन्हा हातावर येते.

हा खेळ युरोपात एकानं फार पूर्वी खेळला होता. फ्रान्समधल्या लोरेनचा जॉर्ज द ला तूर हा सतराव्या शतकातला चित्रकार. लूव्र संग्रहालयातल्या त्याच्या ‘संत जोसेफ सुतार’ या चित्रात बाल येशू मेणबत्ती धरून उभा आहे आणि ज्योतीसमोरच्या त्याच्या बोटांतून उजेड आरपार येतो. ला तूरची चित्रं पुढे विसरली गेली, दुसऱ्यांच्या नावांवर चढली. १९१५ च्या सुमारास एका जर्मन अभ्यासकानं त्याचं नाव पुन्हा उजेडात आणलं. हळदणकरांच्या वाट्यालाही हेच आलं आहे. त्याकडे पुढे वळते.

ला तूर आणि हळदणकर यांच्यात एक मूलभूत फरक आहे आणि तो माध्यमाचा आहे. ला तूरचं चित्र तैलरंगात आहे. तैलरंगात काळोख आधी लावता येतो आणि उजेड सगळ्यात शेवटी, वरून, घट्ट रंगाच्या एका फटकाऱ्यानं. चुकलं तर खरवडता येतं, वाळल्यावर त्यावर पुन्हा रंगवता येतं. हळदणकरांचं चित्र जलरंगात आहे. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो. पांढरं म्हणजे कागद. जिथे उजेड हवा तिथे चित्रकार कागद सोडतो, किंवा त्यावर पिवळसर रंगाचा इतका पातळ हात देतो की खालचा कागदच चमकत राहतो. उजेडाची जागा पहिल्या दिवसापासून ठरवायची आणि शेवटपर्यंत तिला धक्का लागू द्यायचा नाही. आजूबाजूला काळोखाचे थर चढत असताना एक थेंब जरी ओघळला तरी ती जागा गेली.

हे ध्यानात घेऊन पुन्हा चित्राकडे पाहिलं की ती तरुणी काय करते आहे आणि तिचा चित्रकार काय करतो आहे, यात फरक उरत नाही. वाऱ्यापासून ती ज्योत राखते आहे आणि रंगापासून तो कागद राखतो आहे. मला हे चित्र मोठं वाटतं ते यासाठी. विषय आणि कृती इतकी एकजीव झालेली चित्रं फार नसतात. जलरंग निर्दोष उतरवता येतात हे दाखवायला हळदणकरांनी हे माध्यम घेतलं, अशी आठवण सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, चित्राची जात तीच सांगते.

जलरंग हाताळलेल्या माणसाला यातला काळोख बघून धसका बसतो. जलरंग फिक्या, हवेशीर दृश्यांसाठी सोयीचे. नदी, घाट, दुपारचं ऊन यांत ते खुलतात. आमच्या नाशिकचे घाट आणि वाडे त्यांत किती रंगवले गेले आहेत! चित्रकार शिवाजी तुपे यांनी तर या शहराचा चेहराच त्यांत जपून ठेवला. पण गडद रंग हे जलरंगांचं दुखणं आहे. थरावर थर दिले की ते गढूळ होतात, त्यांतली पारदर्शकता मरते. शिवाय जलरंग वाळल्यावर फिका होतो, म्हणजे हवा त्यापेक्षा गडद रंग धीर करून आधीच लावावा लागतो. भिंतीचा मोठा भाग, त्यावरची सावली, साडीचा खालचा बुडालेला भाग, हे सगळं भरल्या कुंचल्यानं, कमीत कमी थरांत आणि जोडाची रेघ न दिसू देता उतरवायचं.

इथे देवळाली कॅम्पात राहून मला यातली आणखी एक गोष्ट उमगली. हिवाळ्यात इथली हवा इतकी कोरडी असते की कागदावर वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, दिला तर कुंचला दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक सुकू लागतं आणि कडा धारदार होतात. मुंबईच्या दमट हवेत तोच वॉश बराच वेळ ओला राहतो, एक छटा दुसरीत विरघळायला अवधी मिळतो. हळदणकर मूळचे सावंतवाडीचे. १८८२ चा जन्म, पुढे मुंबईचं जे. जे. स्कूल, १९०८ मध्ये मुंबईतच स्वतःची चित्रशाळा, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांत त्यांचं नाव. म्हणजे जन्मभराचा हात समुद्राकाठच्या हवेत घडलेला. त्या साडीच्या घड्यांचं अंधारात विरत जाणं पाहताना मला ती दमट हवासुद्धा चित्रात दिसते.

आता रंग. चित्रात रंग मोजकेच आहेत. दिव्याचा पिवळा-नारिंगी, साडीचा जांभळट, आणि मागचा तपकिरी काळोख. पिवळा आणि जांभळा हे एकमेकांचे पूरक रंग. शेजारी ठेवले की दोघंही तीव्र भासतात. म्हणून उजेडाचा पिवळा प्रत्यक्षात फार भडक नसूनही पेटलेला वाटतो, कारण त्याच्या आसपास जांभळट सावल्या आहेत. साडी लाल किंवा हिरवी असती तर दिवा इतका उजळला नसता. बाजारातल्या स्वस्त छापील प्रतींत नेमका हाच संबंध बिघडतो. कुठे साडी गुलाबी होते, कुठे विटकरी, आणि मग उरते फक्त एक सुंदर बाई. प्रत विकत घेताना चेहरा पाहू नये, साडीचा रंग पाहावा. तो जांभळ्याकडे झुकत असेल तर प्रत घ्यावी.

रचनेचं म्हणाल तर ती उभी, सरळ आणि साधी आहे. पण उजेडाचं वाटप पाहा. दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई. ज्योतीपासून हात चार बोटांवर आणि चेहरा हातभर लांब, तेव्हा खऱ्या हिशेबानं चेहऱ्यावर हाताच्या मानानं फारच थोडा उजेड पोचायला हवा. चित्रकारानं तो हिशेब वाकवला आहे. चेहरा त्यानं हाताच्या खालोखाल उजळ ठेवला, आणि साडीचा खालचा भाग मात्र झपाट्यानं अंधारात नेला. त्यामुळे हात, दिवा आणि चेहरा यांचा एक लहानसा त्रिकोण तयार होतो, आणि बाकी सारं चित्र त्या त्रिकोणाला काळोख पुरवण्याचं काम करतं.

हे तपासून पाहायचं म्हणून दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी वीज गेली असताना मी भाचीला व्हरांड्यात निरांजन घेऊन उभं केलं. लॅम रोडच्या बाजूनं वारा येत होता, तेव्हा हात आडवा धरायला तिला सांगावं लागलंच नाही. “मावशी, माझी बोटं बघ, आतून लाल झालीत,” ती म्हणाली. होणारच. उजेड मांसातून जाताना निळा-हिरवा भाग रक्तात शोषला जातो आणि तांबडा तेवढा बाहेर पडतो. बोटांच्या मधल्या भागापेक्षा कडा जास्त पेटतात, कारण तिथे मांस पातळ. हळदणकरांनी हे अचूक टिपलं आहे. पण माझं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे होतं. निरांजन कमरेशी धरलं की हनुवटीखालून उजेड आला, नाकाची सावली कपाळाकडे चढली आणि चेहरा भेसूर दिसू लागला. नाटकात राक्षसाला असाच प्रकाश देतात. “थोडं वर धर, आणि अंगापासून लांब,” असं म्हणत म्हणत दिवा छातीच्या उंचीला आला, तिनं मान किंचित वळवली, आणि चेहरा एकदम निवळला. दिव्याची ती जागा दोन-चार इंच चुकली असती तर ‘आशा’ हे नाव त्या चित्राला कुणी दिलं नसतं.

प्रतीकाकडे मी मुद्दामच उशिरा आले. दिवा म्हणजे आशा, हे सांगायला चित्र लागत नाही. आपल्याकडे दिवेलागणीला ते रोज सांगितलं जातं. या चित्रातलं प्रतीक मला हातात दिसतं. देवघरातून तुळशीपर्यंत दिवा नेणाऱ्या प्रत्येक बाईनं तो हात असाच धरला आहे. त्यात भक्ती आहेच, पण त्याहून जास्त सवय आहे, काळजी आहे. आणि एक अवघड गोष्टही आहे. तो हात वारा अडवतो तसा उजेडही अडवतो. ज्योतीचा थेट प्रकाश तिला मिळतो, आपल्याला मिळते ती त्या हाताची पाठ. पाहणारा अंधाराच्या बाजूला उभा आहे. ती मात्र ज्योतीकडे टक लावून बसलेली नाही. दिवा तिच्या ताब्यात आहे आणि तिचं ध्यान बाहेर, पुढे आहे.

हे चित्र १९४५-४६ मधलं. मुंबईनं महायुद्धातला ब्लॅकआउट सोसून नुकता श्वास घेतला होता. इकडे देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहणाऱ्या गोऱ्या सैनिकांची गर्दी होती. त्यातलं काहीही चित्रात नाही. मॉडेल म्हणून उभी राहिली ती चित्रकाराची स्वतःची मुलगी गीता, पुढे कोल्हापूरच्या गीता उपळेकर. २०१८ मध्ये वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी त्या गेल्या. चित्र रंगवलं तेव्हा चित्रकार त्रेसष्ट वर्षांचे होते. अवघ्या एक-दोन वर्षांत, १९४७ मध्ये, त्याच मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला आणि असली वास्तववादी, देखणी चित्रं जुनाट ठरू लागली. त्या ग्रुपमधले रझासुद्धा तेव्हा जलरंगांतच मुंबईचे रस्ते रंगवत होते, हे लोक विसरतात. त्या तरुणांची बंडखोरी गरजेची होती, तिच्यामुळे आपल्या चित्रकलेत दारं उघडली. पण आकृती बाजूला सारून फक्त उजेड आणि काळोख यांचं नातं पाहायचं ठरवलं, तर हे वयस्कर गृहस्थ त्यांच्या मागे नव्हते. चित्र उलटं टांगून पाहा. बाई नाहीशी होते. उरतो तो एका उबदार केंद्राभोवती जांभळा आणि तपकिरी यांचा उतरता क्रम, आणि तोही भक्कम उभा राहतो.

मला खटकणारं एकच. चेहरा जरा जास्तच देखणा, डाग नसलेला आहे. हातात जो सच्चेपणा आहे तो चेहऱ्यात तितका नाही. चित्राची लोकप्रियता त्या चेहऱ्यामुळे वाढली आणि त्याकडे नीट पाहणं त्याच चेहऱ्यामुळे कमी झालं.

मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या संग्रहालयात आहे. इतक्या लांब गेलेल्या चित्राचा कर्ता लोकांनी परस्पर बदलून टाकला. आजही कितीतरी जण ते राजा रविवर्म्याचं म्हणून सांगतात. रविवर्मा १९०६ मध्ये वारले. त्यांचं बळ तैलरंगांत, आणि त्यांच्या छापखान्यातल्या प्रती घरोघर पोचल्या, म्हणून साडीतली प्रत्येक सुंदर स्त्री त्यांच्या नावावर जमा होते. त्यांच्या थोरवीला या उसन्या चित्राची गरज नाही. आणि ज्याला तैलरंग आणि जलरंग यांतला फरक दिसतो, त्याची ही गल्लत व्हायला नको. तैलरंगातला काळोख दाट असतो, वर चढून बसतो. इथला काळोख कागदात मुरलेला आहे.

आमच्या घरातली प्रत बरी आहे, साडी जांभळीच राहिली आहे. खाली छापणाऱ्यानं चित्रकाराचं नाव दिलेलं नाही. मागच्या पुठ्ठ्यावर मी पेन्सिलीनं लिहिलं आहे: सावळाराम लक्ष्मण हळदणकर, सावंतवाडी आणि मुंबई, जलरंग, १९४५-४६.