यल्लम्माचा डोंगर आणि मराठी लेखक

देवस्थानाविषयी लिहू पाहणाऱ्या लेखकापुढे दोन सोपे मार्ग नेहमीच खुले असतात. देवतेचे माहात्म्य गावे, हा एक; आणि भक्तांच्या अज्ञानाचा धिक्कार करावा, हा दुसरा. दोन्ही मार्गांनी जाणाऱ्यास तेथील माणसे नीट पाहावी लागत नाहीत. बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या डोंगरावर जी रेणुका यल्लम्मा वसते, तिच्या संबंधात मराठी लेखकांनी ह्या दोन्ही मार्गांच्या पलीकडे किती मजल मारली, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. सीमाभागातील शिक्षकास हा प्रश्न केवळ वाङ्मयाचा वाटत नाही. ज्या घरांत देवीची परडी पूजेला आहे, त्या घरांतील मुले त्याच्या वर्गात बसलेली असतात.

प्रथम ह्या क्षेत्राचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. मलप्रभेच्या परिसरातील हे ठाणे कन्नड मुलखात आहे. परंतु तेथे जाणाऱ्यांत निपाणी, चिकोडी, गडहिंग्लज, कोल्हापूर, सांगली ह्या भागांतील मराठी भाविकांचा भरणा मोठा. मार्गशीर्षी पौर्णिमेला जमदग्नीच्या वधाने देवी विधवा झाली असे मानून जोगतिणी बांगड्या फोडतात. माघी पौर्णिमेला तिचे सौभाग्य परत आले म्हणून त्या पुन्हा चुडा भरतात. कोल्हापुरातील ओढ्यावरच्या रेणुकामंदिरात, डोंगरावरून परतल्यानंतर, आंबील यात्रा भरते; आंबील, भाकरी, वांग्याची भाजी ह्यांचा नैवेद्य होतो. शेजारीपाजारी एकत्र जेवतात. देवीच्या नावातला ‘अम्मा’ कन्नड आहे, आणि तिच्या नावाने ‘उदो’ म्हणणारा कंठ अनेकदा मराठी. राज्यपुनर्रचनेने १९५६ साली जी रेषा आखली, ती यात्रेच्या वाटेने कधी मानली नाही.

ह्या दैवताचा शास्त्रीय उलगडा करण्याचे श्रेय रा. चिं. ढेरे ह्यांचे. ‘लज्जागौरी’ (१९७८) ह्या ग्रंथात त्यांनी रेणुका, यल्लम्मा, मातंगी ह्या देवतांची संगती लावून दाखविली आणि वारुळाची पूजा ही मुळात सर्जनशील भूमीची पूजा आहे, असे प्रतिपादिले. जे पाहून सुशिक्षित मराठी मन संकोचत होते, त्याच्याकडे निर्मळ दृष्टीने पाहावयास ढेऱ्यांनी शिकविले. हे ऋण लहान नव्हे. तथापि दैवतशास्त्राच्या दृष्टीत भक्त हा पुरावा असतो. त्याच्या डोक्यावरचा जग, हातातील परडी, कपाळीचा भंडारा ह्यांचा अर्थ कळतो. पण जिच्या माथ्यावर तो जग आयुष्यभरासाठी ठेवला गेला, त्या मुलीचे काय झाले, हा प्रश्न त्या शास्त्राच्या कक्षेत येत नाही.

तो प्रश्न कादंबरीने विचारला. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातून आलेले राजन गवस ह्यांच्या ‘चौंडकं’ (१९८५) व ‘भंडारभोग’ (१९८८) ह्या दोन कादंबऱ्या ह्या विषयावरील मराठीतील सर्वांत महत्त्वाच्या कृती होत, असे आमचे मत आहे. पहिलीत देवीला वाहिली गेलेली सुली आहे. दुसरीत पुरुष असून लुगडे नेसावे लागलेला तायाप्पा आहे. गवसांचे सामर्थ्य दोन गोष्टींत आम्हांस दिसते. पहिली त्यांची बोली. निपाणीत पिठाची गिरणी चालवीत महादेव मोरे ह्यांनी जिला कथेत मानाचे स्थान दिले, त्या सीमेलगतच्या कष्टकऱ्यांच्या मराठीशी गवसांच्या भाषेचे नाते आहे. तिच्यात दुःख सांगताना गळा काढण्याची सोय नाही. ते कामाच्या ओघात, तुटक वाक्यांत सांगितले जाते आणि म्हणूनच अधिक बोचते. दुसरी गोष्ट म्हणजे गावाचे चित्रण. केसांत जट झाली की देवीचे बोलावणे आले, असे एक जण म्हणतो. दुसरा मान डोलावतो. आणि तिसऱ्याचा त्यात स्वार्थ असतो. मुलगी देवीला सोडली जाते ती श्रद्धेच्या एका झटक्याने नव्हे. भीती, दारिद्र्य आणि शेजाऱ्यांचे डोळे ह्या तिघांच्या संगनमताने.

येथे कायद्याचा इतिहास आठवावा. मुंबई प्रांताचा देवदासी संरक्षण कायदा १९३४ चा. सौंदत्ती त्या वेळी त्याच प्रांतात होती. पुढे कर्नाटकाने १९८२ साली व महाराष्ट्राने २००५ साली स्वतंत्र कायदे केले. म्हणजे पहिल्या कायद्यानंतर अर्धशतक उलटले तरी ‘चौंडकं’ लिहिली जावी इतकी सामग्री गावोगाव शिल्लक होती. कायदा अर्पणविधी थांबवू पाहतो. मान डोलावणाऱ्या शेजाऱ्याला तो कसा पकडणार? त्या शेजाऱ्याला गवसांनी पकडले आहे. ह्या कादंबऱ्यांनी देवीची निंदा केली असे म्हणणाऱ्यांस आमचे हेच उत्तर आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात देवी नाही, गाव आहे.

रंगभूमीने व चित्रपटाने हा विषय दूरवर नेला. उत्तम बंडू तुपे ह्यांच्या ‘झुलवा’ कादंबरीचे नाटक वामन केंद्रे ह्यांनी १९८७ साली रंगभूमीवर आणले. राजीव पाटील ह्यांच्या ‘जोगवा’ (२००९) ह्या चित्रपटाने गवसांच्या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागर ह्यांची ‘दर्शन’ ही कथा एकत्र गुंफली. दोन पुस्तकांत वेगवेगळे राहिलेले सुली व तायाप्पा तेथे एकमेकांना भेटतात. प्रेक्षकाला दिलासा मिळतो, हे खरे. पण कादंबरीतल्या एकटेपणाची धार त्यामुळे बोथट होते, असे आम्हांस वाटते. पडद्यावर उधळलेला भंडारा डोळ्यांना सुखवितो आणि चौंडक्याचा नाद मनात घुमत राहतो. दुःख देखणे होऊ लागले की वाचकाने, प्रेक्षकाने सावध व्हावे.

एवढी थोरवी मान्य करूनही एक उणीव नोंदविणे भाग आहे. ज्या देवीच्या नावे फसवणूक झाली, तिच्याच नावाने ती जोगतीण मंगळवारी व शुक्रवारी जोगवा मागते. दुसऱ्याच्या आजारी पोरासाठी कळवळून भंडारा लावते. माघात पुन्हा चुडा भरताना हसते. हे केवळ संस्कारामुळे, असे म्हणून भागत नाही. ज्या बाईला घराने, गावाने, नवऱ्याच्या नावानेही आसरा दिला नाही, तिला डोंगरावर आपल्यासारख्या शेकडो बाया भेटतात. तेथे तिला कोणी नावे ठेवीत नाही. देऊळ तिचा तुरुंग होते, तसेच माहेरही होते. गवसांच्या कादंबऱ्यांचा भर साहजिकच तुरुंगावर आहे. ढेऱ्यांचा देवतेच्या अर्थावर. माहेराची बाजू अद्याप तितक्याच ताकदीने लिहिली गेलेली नाही. ती लिहिणाऱ्यास मराठीइतकीच कानडीही घरची असावी लागेल. कारण ते माहेर दोन्ही भाषांत बोलते.

शिक्षकांस आमची एकच सूचना आहे. ह्या कृती ‘समस्याप्रधान वाङ्मय’ अशी चिठ्ठी लावून कपाटात ठेवू नयेत. त्या वर्गात वाचाव्यात, परंतु परडी असलेल्या घरची मुलगी समोर बसली आहे हे विसरू नये. तिच्या आईच्या श्रद्धेचे हसे होऊ न देता तिच्या आईवरचा अन्याय तिला कळला पाहिजे. हे साधणे अवघड आहे. पण उत्तम कादंबरीने ते साधता येते, आणि निबंधाने किंवा उपदेशाने क्वचितच. ‘चौंडकं’चे वाङ्मयीन मोल ठरविताना ही कसोटी बाहेरची मानण्याचे आम्हांस कारण दिसत नाही.