‘सैराट’चा शेवट आणि प्रेक्षकांचा वाद : एक चिकित्सा

प्रास्ताविक

नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या गाण्यांविषयी आणि अर्चीच्या बुलेटविषयी पुष्कळ लिहिले गेले. तथापि प्रेक्षकांमध्ये खरा वाद माजला तो अखेरच्या काही मिनिटांवरून. हैदराबादच्या घरात आर्ची आणि परश्याची हत्या होते. शेजारणीसोबत बाहेर गेलेले त्यांचे मूल परत येते आणि रक्तात पाय माखवून रडत बाहेर पडते. ‘एवढे दाखवायची गरज होती काय?’ हा प्रश्न चित्रपटगृहाबाहेर, एस. टी. स्टँडवर आणि आपल्या प्राध्यापक कक्षांतही विचारला गेला. शेवट अनपेक्षित व म्हणून कृत्रिम आहे, असे काहींचे म्हणणे होते. मुली पळून जाण्यास यातून प्रोत्साहन मिळते, असा आक्षेप काहींनी घेतला. तर नेमके उलट, तरुणांना यातून दहशत बसते, असे इतरांना वाटले. एकाच शेवटाविषयी प्रोत्साहनाचा आणि दहशतीचा आरोप एकाच वेळी व्हावा, ही बाब लक्षणीय आहे. वादाचा विषय चित्रपट असला तरी त्याचा उगम प्रेक्षकाच्या स्वतःच्या सामाजिक स्थानात आहे, असे प्रस्तुत लेखिकेला वाटते.

शेवट अनपेक्षित आहे काय?

पूर्वार्धातील एका प्रसंगाकडे येथे लक्ष वेधणे आवश्यक आहे. महाविद्यालयाच्या वर्गात लोखंडे सर शिकवीत असतात. आर्चीचा भाऊ प्रिन्स भर वर्गात फोनवर बोलतो. सर त्याला हटकतात आणि तो सरांच्या थोबाडीत मारतो. याची शिक्षा त्याला होत नाही. उलट घरी त्याचे कौतुकच होते आणि तो कोणाचा मुलगा आहे हे सरांना समजावले जाते. अखेरीस भेटवस्तू घेऊन बहिणीच्या दारात उभा राहणारा प्रिन्स हाच आहे. ज्याच्या हाताला कोणी कधी जाब विचारला नाही, त्या हाताची पुढची मजल म्हणजे तो शेवट होय. तो आधीच सांगून ठेवलेला होता. आपणच तो ऐकला नाही.

माझ्या महाविद्यालयात या चित्रपटावर झालेल्या चर्चेत सात-आठ सहकारी होते. शेवट ‘अचानक’ आल्याची तक्रार बहुतेकांनी केली. त्या थपडेची आठवण मात्र एकानेही काढली नाही, आणि मीही त्याला अपवाद नव्हते. चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला तेव्हाच ती मला खऱ्या अर्थाने दिसली. मार खाणारा आपल्याच पेशातला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या विस्मरणाचे नवल अधिकच वाटते. विहिरीवरचे प्रेम पाहताना आपण इतके सुखावलो होतो की वर्गातली हिंसा आपल्याला गावरान गंमत वाटली.

शोकात्मिकेची चौकट आणि तिच्या मर्यादा

या शेवटाला सरसकट ‘शोकात्मिका’ म्हटले जाते. ॲरिस्टॉटलच्या विवेचनात नायकाचा प्रमाद त्याच्या विनाशास कारणीभूत ठरतो. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधील सुधाकराला ही कसोटी बऱ्याच अंशी लागू पडते. आर्ची-परश्याचा प्रमाद कोणता? त्यांच्यात भांडणे होतात, परश्या संशय घेतो, तिच्यावर हात उगारतो, ती घर सोडून निघते आणि परतते. हे दोष खरे आहेत. परंतु त्यांपैकी एकाचाही मृत्यूशी कार्यकारणसंबंध नाही. आर्चीचे एकमेव ‘चुकले’ म्हणता येईल असे कृत्य म्हणजे तिने आईला केलेला फोन. लेकीने आईशी बोलणे हा ज्या व्यवस्थेत प्राणघातक प्रमाद ठरतो, तेथे दोषाचा शोध नायिकेच्या स्वभावात घेणे व्यर्थ होय.

हिंदी प्रेमपटांची परंपराही येथे अपुरी पडते. के. बालचंदर यांच्या ‘एक दूजे के लिए’ (१९८१) मध्ये किंवा मन्सूर खान यांच्या ‘कयामत से कयामत तक’ (१९८८) मध्ये प्रेमिक मरतात, पण मृत्यू त्यांना एकत्र आणतो. जिवंतपणी न लाभलेले मीलन मरणात साधते आणि प्रेक्षक डोळे पुसत, काहीसा तृप्त होऊन बाहेर पडतो. ‘सैराट’मध्ये मृत्यूकडे मीलनाचे कामच उरलेले नाही. त्यांचे लग्न झाले आहे, मूल आहे, स्कूटर आहे, घराची स्वप्ने आहेत. प्रणयकथा केव्हाच संपली असून मारले जाते ते एक नांदते घर. त्यामुळे येथे रडून मोकळे होण्याची सोय नाही. अजय-अतुल यांच्या भव्य वाद्यवृंदावर पूर्वार्ध तरंगत ठेवणारा दिग्दर्शक शेवटी संगीत तर काढून घेतोच, पण मुलाच्या रडण्याचा आवाजही काढून घेतो. प्रत्यक्ष वध तो पडद्यावर दाखवीत नाही. वध रंगमंचावर दाखवू नये हा नाट्यशास्त्राचा संकेत येथे पाळला गेला आहे, असे म्हणता येईल. मात्र त्या संकेतामागील सौम्यतेचा हेतू येथे नाही. ‘एवढे दाखवायची गरज होती काय?’ असे विचारणाऱ्यांनी पडद्यावर प्रत्यक्षात काय दाखवले गेले, हे एकदा आठवून पाहावे. ‘फँड्री’ (२०१३) च्या शेवटी जब्याचा दगड प्रेक्षकाच्या दिशेने येतो. येथे त्याच दिशेने मुलाची पावले येतात.

२०१८ साली आलेल्या शशांक खेतान यांच्या ‘धडक’ या हिंदी रूपांतराने शेवट बदलला. तेथे नवरा आणि मूल मारले जातात, नायिका जिवंत राहते. धक्का तेथेही आहे. पण कथा उदयपूरच्या हवेलीत नेताना जातीचा उल्लेख इतका पुसट करण्यात आला की हत्या एका क्रूर कुटुंबाची करणी वाटते. परश्याच्या बापाला जातभाईंपुढे, पोरीच्या लग्नासाठी, जी लाचारी पत्करावी लागते, तिला तेथे तितकी जागा नाही.

एक आक्षेप

दहशतीचा आक्षेप मात्र मला सहजासहजी झटकता येत नाही. द्वितीय वर्षाच्या वर्गात हा चित्रपट चर्चेला घेतला असता मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, तुम्ही म्हणता हा शेवट व्यवस्थेच्या विरोधात आहे. आमच्या घरी तो मला समज देण्यासाठी सांगतात. बघ, शेवटी काय झालं.” त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. २७ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘शक्ती वाहिनी’ प्रकरणात दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहात हस्तक्षेप करणे बेकायदेशीर ठरवले, हे मी पुढच्या तासाला सांगितले. तिने ते वहीत उतरवून घेतले.

कलाकृतीचा अर्थ तिच्या निर्मात्याच्या हाती राहत नाही हे आपण शिकवतो; परंतु तो कोणाच्या हाती जातो, हे क्वचितच विचारतो. बुलेट चालवणारी, वर्गात परश्याकडे रोखून पाहणारी, बंदूक हाती घेणारी आर्ची शेवटी पडद्याआड मरते. तिला एक शब्दही मिळत नाही. दिग्दर्शकाने तिला दिलेले सारे धैर्य त्या शांततेत लोप पावते आणि तेवढ्या मोकळ्या जागेत त्या विद्यार्थिनीच्या घरचे आपला अर्थ भरतात. शेवट अचूक आहे हे माझे मत कायम आहे. तरी तिचा प्रश्न मी त्या मताच्या शेजारीच ठेवते. ती त्या वर्षी परीक्षेला बसली, ‘सैराट’वरील प्रश्न मात्र तिने सोडून दिला होता.