मूलाधार : चक्र की क्रिया?
(ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाच्या अनुषंगाने)

योगविषयक मराठी लेखनात ‘मूलाधार’ या संज्ञेइतकी सर्रास वापरली जाणारी आणि इतकी कमी तपासली जाणारी दुसरी संज्ञा क्वचितच आढळेल. चार पाकळ्यांचे तांबडे कमळ, पृथ्वीतत्त्व, ‘लं’ हे बीज आणि यांच्या जोडीला अलीकडे आलेले ‘स्थैर्य व सुरक्षिततेची भावना’ हे फल, असा एक ठरीव साचा त्यासाठी तयार झाला आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील कुंडलिनीवर्णन समजावून देतानाही हाच साचा वापरला जातो. हा साचा त्या वर्णनाला कितपत लागू पडतो, एवढाच प्रश्न प्रस्तुत टिपणात विचारात घ्यावयाचा आहे.

प्रथम या साच्याची घडण पाहू. त्याचा सर्वांत ठळक आधार म्हणजे ‘षट्चक्रनिरूपण’ हे प्रकरण. बंगालमधील शाक्त आचार्य पूर्णानंद यांच्या ‘श्रीतत्त्वचिंतामणी’ या १५७७ मधील ग्रंथाचा तो एक भाग आहे. सर जॉन वुड्रॉफ यांनी ‘आर्थर ॲव्हलॉन’ या नावाने १९१९ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद विस्तृत विवेचनासह प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून ही एका संप्रदायातील मांडणी ‘योगशास्त्राची’ मांडणी म्हणून सर्वत्र रूढ झाली. वास्तविक चक्रांच्या संख्येविषयीसुद्धा परंपरेत एकवाक्यता नाही. नाथपंथीय ‘सिद्धसिद्धान्तपद्धती’त चक्रे नऊ आहेत आणि आधारस्थानी जे आहे त्याला तेथे ब्रह्मचक्र म्हटले आहे. रंगांची गोष्टही अशीच आहे. पूर्णानंदांच्या मणिपूराच्या पाकळ्या सजल मेघासारख्या श्यामवर्ण आहेत. मूलाधारापासून वर इंद्रधनुष्याच्या क्रमाने रंग लावण्याची आजची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. ज्ञानेश्वरी १२९० मधील आहे, म्हणजे पूर्णानंदांच्या ग्रंथाहून जवळजवळ तीनशे वर्षांनी जुनी. तेव्हा उत्तरकालीन मांडणीच्या आधारे पूर्वकालीन ग्रंथ लावण्यात जी पद्धतीची चूक आहे, ती येथे उघडच घडते.

आता ज्ञानेश्वरीकडे वळू. गीतेच्या सहाव्या अध्यायाच्या मूळ श्लोकांत कुंडलिनीचा उल्लेखही नाही. आसन, मान, दृष्टी आणि मनाची शांती एवढेच तेथे सांगितले आहे. त्या श्लोकांच्या निमित्ताने ज्ञानेश्वरांनी नाथसंप्रदायातील साधनेचे सविस्तर वर्णन योजले आहे. या वर्णनाचा आरंभ कसा होतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कमळाचे ध्यान करा, असे ते सांगत नाहीत. गुद आणि मेंढ्र यांच्यामध्ये चार अंगुळांची जागा असते. तिच्या दोन्ही कडांना दीड दीड अंगुळ सोडावे, मध्ये जे एक अंगुळ उरते तेथे टाचेचा मागचा भाग दाबून बसवावा आणि देह वर तोलून धरावा, असा मापून दिलेला क्रियाविधी ते सांगतात. हे मूळबंधाचे लक्षण असून वज्रासन हे त्याचे गौण नाव, असा खुलासाही करतात. पाकळ्या, अक्षरे किंवा देवता यांचा या स्थानी मागमूस नाही.

यापुढचा क्रमही क्रियांचाच आहे. खालची वाट रोखल्यामुळे अपान उलट फिरतो. जालंधर आणि उड्डियान हे बंध पडतात. कोंडलेला अपान मणिपूराशी झुंजतो, आणि त्या उष्णतेने साडेतीन वेढे घालून निजलेली कुंडलिनी जागी होते. चक्रांची नावे ज्ञानेश्वरांना ठाऊक होती, हे स्वाधिष्ठान व मणिपूर यांच्या उल्लेखांवरून दिसते. परंतु त्यांचा उपयोग ते देहातील ठिकाणे दाखविण्यासाठी करतात. म्हणून येथे ‘आधार’ हे आद्य क्रियेचे स्थान आहे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

खरा विरोध येतो तो फलाच्या बाबतीत. मूलाधार ‘बळकट’ केल्याने साधकाला पृथ्वीतत्त्वाचे स्थैर्य लाभते, असे आज सांगितले जाते. ज्ञानेश्वरांची कुंडलिनी जागी झाल्यावर देहातील पृथ्वी आणि आप ही दोन भूते खाऊन टाकते, आणि तेव्हाच तृप्त होऊन सुषुम्नेपाशी सौम्यपणे राहते. पुढे पृथ्वी आपात, आप तेजात, तेज पवनात असा लय सांगितला आहे. पिंडाने पिंडाचा ग्रास करावा, हे या साधनेचे नाथसंप्रदायातील मर्म होय. जेथे पृथ्वी गिळली जाते, तेथे पृथ्वीचे दृढीकरण हे फल कसे मानावे? दोन्ही उद्दिष्टे आपापल्या जागी असोत. मात्र दुसऱ्याला पहिल्याच्या ग्रंथाचा आधार देता येणार नाही.

या संज्ञेच्या आधुनिक अर्थनिर्णयाचा दुसरा प्रवाह शारीरशास्त्राचा आहे. नदीतून वाहत आलेले प्रेत फाडून त्यात चक्रे शोधली आणि न सापडल्यामुळे संबंधित ग्रंथ प्रेतासह पाण्यात सोडले, अशी हकीकत स्वामी दयानंदांनी आत्मचरित्रात दिली आहे. मुंबईचे डॉ. वसंत रेळे यांनी १९२७ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात कुंडलिनी म्हणजे उजवी व्हेगस मज्जातंतू होय, असे प्रतिपादन केले. एकाला चक्र सापडले नाही, दुसऱ्याला कुंडलिनी सापडली. परंतु ग्रंथोक्त संज्ञा म्हणजे देहातील एखादी वस्तू असलीच पाहिजे, हे गृहीत दोघांचेही समान आहे. याहून वेगळी वाट स्वामी कुवलयानंदांनी दाखविली. १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केल्यावर त्यांनी उड्डियान व नौली या क्रियांच्या वेळी पोटात दाब कसा बदलतो, याचे मापन केले. त्यांनी क्रिया तपासली. ज्ञानेश्वरांचे वर्णनही क्रियेचेच असल्यामुळे ही दृष्टी त्याच्याशी अधिक जुळणारी आहे.

पूर्णानंदांच्या संप्रदायात कमळाच्या ध्यानाला स्वतःचे प्रयोजन आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि संप्रदायांची सरमिसळ केवळ अभ्यासकालाच नव्हे, तर साधकालाही महाग पडते. ज्ञानेश्वरांच्या वर्णनात मूळबंध एकटा येत नाही. त्याच्यापाठोपाठ उरलेले बंध येतात, आणि कुंडलिनीप्रकरण संपल्यावर आहार, निद्रा व व्यवहार मोजका ठेवण्याविषयीच्या श्लोकांवरील भाष्य येते. ‘मूलाधाराची साधना’ म्हणून यातील एकच दुवा उचलणारा साधक साखळीच तोडतो. म्हणून सहाव्या अध्यायाच्या टीपांतून रूढ चक्रकोष्टक वगळावे आणि त्याच्या जागी ओव्यांतील क्रियापदांचा क्रम द्यावा, अशी सूचना करावीशी वाटते. या प्रकरणाचा अर्थ नामांपेक्षा क्रियापदांनी अधिक वाहिलेला आहे.