८६ टक्के, पण कोणाचे?

आज मंत्रचळ म्हणजे ओसीडीवरचा एक गाजलेला पेपर तपासूया. एडना फोआ आणि सहकाऱ्यांचा हा पेपर २००५ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअॅट्री’मध्ये आला. त्यात चार गट होते: ईआरपी, क्लोमिप्रामिन हे औषध, दोन्ही एकत्र आणि प्लासिबो. कालावधी १२ आठवडे.

ईआरपी म्हणजे ज्याची भीती वाटते त्याला मुद्दाम सामोरं जायचं आणि नेहमीची कृती टाळायची. दाराच्या कडीला हात लावायचा, पण धुवायचा नाही. बेचैनी वाढते, पण हात न धुताही काही भयंकर घडत नाही, हे माणूस अनुभवातून शिकतो.

माझ्या पहिल्या सेमिनारला मी ठळक अक्षरांत स्लाइड केली होती: ‘ईआरपीचा ८६ टक्के रुग्णांना फायदा’. एका ज्युनिअरने विचारलं, “८६ टक्के कोणाचे?” मी गप्प.

उत्तर पेपरच्या सारांशातच होतं. ८६ टक्के हे उपचार पूर्ण केलेल्यांपैकी. सुरू केलेले सगळे धरले तर आकडा ६२. तसंच एकत्र उपचाराचे ७९ आणि ७०, नुसत्या औषधाचे ४८ आणि ४२, प्लासिबोचे १० आणि ८. एकूण १२२ जणांपैकी शेवटपर्यंत टिकले ८७.

गंमत बघा. पूर्ण केलेल्यांत ईआरपी पुढे, सगळ्यांत एकत्र उपचार पुढे. मग लगेच ‘एकत्रच बरं’ असं लिहू नका, कारण त्या दोघांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. नुसत्या औषधापेक्षा मात्र दोन्ही सरस ठरले.

आणखी एक. इथली ईआरपी म्हणजे चार आठवड्यांत दोन-दोन तासांची १५ सत्रं. तालुक्याहून शहरात येणाऱ्या, रजा न मिळणाऱ्या माणसाला ते कितपत जमेल? शिवाय ‘फायदा’ म्हणजे लक्षणीय सुधारणा, पूर्ण बरं होणं नव्हे.

पेपर चांगलाच आहे. लेखकांनी दोन्ही आकडे दिलेत. चूक माझ्या स्लाइडची होती. ती पाहून कुणी घरच्या पेशंटला “८६ टक्के बरे होतात, तूच कसा नाही?” असं म्हटलं असतं तर? म्हणून टक्केवारी वहीत उतरवताना शेजारी ‘कितीपैकी’ हे लिहाच.