उदासिनीकरणाची उदाहरणे तपासून पाहू

आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होते. शालेय रसायनशास्त्रात इतके सुटसुटीत विधान क्वचितच सापडेल. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांचे समीकरण फळ्यावर लिहिले की ते आपोआप संतुलितही असते. विद्यार्थी खूष, शिक्षकही खूष. मग पुढचा प्रश्न येतो, 'दैनंदिन जीवनातील उदासिनीकरणाची उदाहरणे लिहा.' उत्तरही ठरलेले असते. मधमाशी चावली तर सोडा लावतात, पोटात आम्ल वाढले तर आम्लविरोधी गोळी घेतात, जमीन आम्लधर्मी झाली तर चुना टाकतात. तीन उदाहरणे, तीन गुण.

समीकरणाबद्दल आमची तक्रार नाही. आमची तक्रार उदाहरणांबद्दल आहे. उदाहरण देण्याचा हेतू काय? वर्गात शिकलेले तत्त्व बाहेरच्या जगात खरोखर काम करते हे दिसावे, आणि बाहेरचे जग त्या तत्त्वामुळे अधिक कळावे. ही तीन उदाहरणे हा हेतू कितपत साधतात हे आपण एकेक करून पाहू. त्यासाठी प्रत्येक उदाहरणाला तीन साधे प्रश्न विचारू. आम्ल कोठे आहे? आम्लारी कोठे आहे? आणि त्या दोघांची गाठ पडते का?

मधमाशी आणि सोड्याचा डबा

एनसीईआरटीच्या २००६ साली निघालेल्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात आम्ल, आम्लारी व क्षार या प्रकरणात हे उदाहरण आहे. मधमाशीच्या दंशातून आम्ल शरीरात जाते, त्याने आग होते आणि खाण्याच्या सोड्यासारखा सौम्य आम्लारी लावला की आराम पडतो, असा त्याचा आशय. अनेक मार्गदर्शकांत त्याला जोड म्हणून गांधीलमाशी येते. तिचे विष आम्लारिधर्मी, म्हणून तिथे व्हिनेगर लावायचे! जोडी इतकी छान जमते की शंका घ्यावीशीच वाटत नाही.

आता आपले प्रश्न विचारू. मधमाशीच्या विषात वेदनेचे मुख्य कारण आम्ल नाही. मेलिटिन नावाचे, २६ अमिनो आम्लांच्या साखळीचे एक पेप्टाइड त्यात असते. सुकवलेल्या विषाच्या वजनात जवळजवळ निम्मा वाटा त्याचाच. ते पेशींची आवरणे फोडते. त्याच्या जोडीला काही विकरे असतात. गांधीलमाशीच्या विषातही वेदना होते ती अशाच प्रथिने आणि पेप्टाइडांमुळे. 'अमिनो आम्ल' या नावात आम्ल आहे म्हणून त्यांच्या साखळीवर सोड्याचा इलाज चालतो असे नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर आणखी स्पष्ट आहे. विष त्वचेच्या आत टोचलेले असते आणि सोडा त्वचेच्या वर बसतो. दोघांची गाठच पडत नाही.

काही जातींच्या मुंग्या फॉर्मिक आम्ल फवारतात हे मात्र खरे. फॉर्मिक हे नावच मुंगीच्या लॅटिन नावावरून आले आहे. पण मुंगीचे खरे म्हणून मधमाशीचेही खरे, असा नियम नाही.

ही चूक किरकोळ म्हणून सोडून द्यावी का? आम्हाला तसे वाटत नाही. मधमाशीचा काटा कातडीत अडकून राहतो आणि त्याला जोडलेली पिशवी काही काळ विष आत ढकलतच राहते. म्हणून पहिले काम काटा काढण्याचे. तो कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला याला महत्त्व आहे. मग जागा धुऊन बर्फ किंवा थंड पाण्याची पट्टी ठेवावी. चेहरा सुजू लागला, श्वास अडखळू लागला, तर क्षणही न दवडता दवाखाना गाठावा. गुण मिळवून देणारे उत्तर लक्षात ठेवून मूल सोड्याचा डबा शोधत बसले, तर नेमकी मोलाची मिनिटे जातात.

प्रयोगशाळेतही हाच धोका आहे. हातावर आम्ल सांडले तर त्यावर आम्लारी ओतावा असे काही मुले अगदी तर्कशुद्धपणे सांगतात. पण उदासिनीकरणात उष्णता बाहेर पडते. एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइड प्रत्येकी १०० मिलिलिटर घेऊन शिक्षकांनी मिसळून दाखवावे. तापमान सुमारे साडेसहा ते सात अंश सेल्सिअसने चढते. त्वचेवर आम्ल पडले तर एकच उपाय, लगेच आणि भरपूर वाहते पाणी.

पोटातले आम्ल

दुसरे उदाहरण तिन्ही प्रश्नांना उतरते. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, गोळीत मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असते आणि दोघांची गाठ जठरातच पडते. येथे आमची तक्रार एवढीच की, चांगले उदाहरण हाती असून पुस्तके ते एका ओळीत संपवतात. आम्लारीच हवा तर सोडियम हायड्रॉक्साइड का घेत नाहीत, हा प्रश्न वर्गात यायला हवा. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड पाण्यात अगदी थोडे विरघळते. त्यामुळे घसा आणि अन्ननलिका भाजत नाहीत, आणि जठरात आम्ल भेटेल तसतसे ते लागेल तेवढेच खर्ची पडते. विद्राव्यता आणि आम्लारीची तीव्रता हे दोन्ही मुद्दे एका गोळीत शिकवता येतात.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. बाजारात 'ॲसिडिटीची गोळी' या एकाच नावाने मिळणाऱ्या सगळ्या गोळ्या उदासिनीकरण करत नाहीत. ओमेप्राझोलसारखी औषधे जठरात आम्ल पाझरणेच कमी करतात. तिथे आपले समीकरण लागू नाही.

चुना कोणाच्या शेतात?

तिसरे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे, कारण आपले कितीतरी विद्यार्थी शेतकऱ्यांच्या घरचे आहेत. आम्लधर्मी जमिनीत चुना घालतात हे बरोबर आहे. कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीत मुसळधार पावसाने कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन जातात, जमीन आम्लधर्मी होते आणि चुना उपयोगी पडतो. पण घाट ओलांडून देशावर या. येथली काळी जमीन बेसॉल्ट खडक झिजून झालेली. तिच्यात मुळातच चुनखडीचे खडे असतात आणि तिचा सामू सहसा साडेसात ते साडेआठ असतो. या जमिनीत चुना घालणे म्हणजे समुद्रात मीठ टाकणे.

सांगली-कोल्हापूरकडच्या बागायती पट्ट्यातील शेतकऱ्याचे दुखणे नेमके उलटे आहे. वर्षानुवर्षे उसाला भरमसाट पाणी दिले आणि निचरा झाला नाही, की भूजल वर येते, बाष्पीभवन होते आणि विरघळलेले क्षार वर साचतात. क्षारयुक्त जमिनीवर पांढरा थर दिसतो. तिचा सामू साडेआठच्या आत असतो आणि क्षार पाण्याने धुऊन निचऱ्यावाटे काढणे हा तिचा उपाय. चोपण जमीन वेगळी. तिच्या मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो आणि सामू साडेआठच्या वर जातो. ती ओली असताना चिकट, वाळल्यावर दगडासारखी कठीण, आणि पाणी मुरू देत नाही.

चोपण जमिनीसाठी पुस्तकी समीकरण म्हणेल, आम्ल घाला. शेतकरी घालतो जिप्सम! जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते आम्ल नाही, क्षारच आहे. त्यातले कॅल्शियम मातीच्या कणांवरच्या सोडियमची जागा घेते, आणि सुटलेला सोडियम सल्फेटच्या रूपात पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणून चर काढून निचरा केला नाही तर जिप्सम वाया जाते. जमिनीतल्या सोडियम कार्बोनेटशीही जिप्समची दुहेरी अपघटन अभिक्रिया होऊन कॅल्शियम कार्बोनेट आणि सोडियम सल्फेट बनते. आम्लाचा थेंबही न घालता सामू उतरतो.

येथे दुसरी एक समजूतही कोसळते. 'उदासिनीकरण' या शब्दामुळे मुलांना वाटते की तयार झालेला क्षार उदासीनच असणार. सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, क्षारच आहे. पण त्याचे द्रावण हळदीचा कागद लाल करते. तुरटीही क्षारच, पण तिचे द्रावण निळा लिटमस तांबडा करते. चोपण जमिनीचा सामू चढतो तो अशाच एका 'उदासीन नसलेल्या' क्षारामुळे.

हे वर्गात दाखवणे सोपे आहे. अर्धा लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून फिनॉल्फ्थॅलिनचे काही थेंब टाका, द्रावण गुलाबी होईल. कृषी सेवा केंद्रातून आणलेले चमचाभर जिप्सम दुसऱ्या अर्धा लिटर पाण्यात खूप हलवून स्थिर ठेवा आणि वरची निवळी घ्या. आता दोन पेल्यांत सारखेच गुलाबी द्रावण घ्या. एकात त्याच्या चौपट साधे पाणी मिसळा, दुसऱ्यात चौपट जिप्समची निवळी. दुसरा पेला दुधट होतो आणि त्याचा गुलाबी रंग पहिल्यापेक्षा पुष्कळ फिका पडतो. पहिला पेला कशासाठी, हे मुलांनाच विचारावे.

याच एनसीईआरटी पुस्तकातील एक कृती आम्हाला फार आवडते. आपल्या भागातील माती पाण्यात हलवून, गाळून तिचा सामू बघायचा आणि तिथल्या पिकांशी त्याचा संबंध लावायचा. प्रकरणातील ही सर्वांत प्रामाणिक कृती. पण मागाहून येणारा प्रश्न फक्त एवढाच विचारतो की शेतकरी कोणत्या जमिनीत चुना किंवा खडू वापरेल. सामू साडेआठच्या वर आला तर काय, हे कोणी विचारत नाही. कृती खुली आणि प्रश्न बंद, असे हे झाले.

मग उदाहरणे गाळायची का?

मुळीच नाही. मधमाशीचे उदाहरण मात्र गाळावे, किंवा 'हे उदाहरण तपासा' म्हणून द्यावे. गोळीचे उदाहरण वाढवावे. जमिनीचे उदाहरण शाळा ज्या गावात आहे त्या गावच्या मातीपासून सुरू करावे. पाठ्यपुस्तके दूरच्या शहरात लिहिली जातात, ती प्रत्येक गावचा सामू सांगू शकणार नाहीत. ते काम शिक्षकाचे आहे, आणि त्याला लागते मूठभर माती, पाणी आणि दर्शक कागदाची एक पट्टी. देशावरच्या एखाद्या शाळेत मुलांनी स्वतः सामू मोजून 'आमच्या शेतात चुना चालणार नाही' असे उत्तरपत्रिकेत लिहिले, तर तपासणाऱ्याने त्यांना पूर्ण गुण द्यावेत.