केनशिनच्या गालावरचा व्रण

शोकात्म नाट्यावर बोलायचं आणि उदाहरण घ्यायचं जपानी ॲनिमेचं, हे काहींना जरा विचित्र वाटेल. तरुण मंडळींना नाही वाटणार, मला माहीत आहे. पण आपल्याकडे अजूनही ‘कार्टून’ हा एकच शब्द सगळ्याला पुरतो, म्हणून सुरुवातीलाच सांगतो की आज ज्या कृतीबद्दल बोलणार आहे ती लहान मुलांना दाखवण्यासारखी नाही. ‘रुरोनी केनशिन’ या मालिकेची पूर्वकथा. इंग्रजीत ती ‘ट्रस्ट अँड बिट्रेयल’ या नावानं ओळखली जाते. 1999 मध्ये चार भागांत थेट व्हिडिओवर आली. दिग्दर्शक काझुहिरो फुरुहाशी.

मूळ कथा नोबुहिरो वात्सुकी यांच्या मांगाची, म्हणजे चित्रकथेची. ती 1878 मध्ये सुरू होते. शोगुनची सत्ता जाऊन दहा वर्षं झालेली, सामुराईंना तलवार बाळगायची बंदी आलेली. आणि केनशिन नावाचा एक हसरा, थोडा वेंधळा भटक्या उलट्या धारेची तलवार घेऊन फिरतो. कुणाला मारायचं नाही, ही त्याची प्रतिज्ञा. त्याच्या डाव्या गालावर फुलीसारखा व्रण आहे. तो कुठून आला? दूरदर्शन मालिका पंचाण्णव भाग चालली, पण या प्रश्नाच्या उत्तरापर्यंत पोचलीच नाही. ते उत्तर देते ही पूर्वकथा.

इथे मला होमरची आठवण होते. ‘ओडिसी’च्या एकोणिसाव्या सर्गात ओडिसियस वेष पालटून घरी येतो. म्हातारी दाई त्याचे पाय धुते, आणि मांडीवरच्या व्रणावर तिचा हात पडतो. तिनं ओळखलं! आता पुढे काय होणार? आणि बरोबर त्याच ठिकाणी होमर थांबतो, आणि तरुणपणी आजोबांकडे गेला असताना रानडुकरानं त्याला कसं फाडलं, ती शिकार सांगत बसतो. सविस्तर. म्हणजे बघा, व्रण दिसला की त्याची पूर्वकथा सांगावीच लागते, ही कथनाची फार जुनी गरज आहे.

पण फरक आहे. ओडिसियसचा व्रण ‘हा कोण’ एवढंच सांगतो. केनशिनचा व्रण ‘यानं काय केलं’ ते सांगतो. त्यात दोन रेघा आहेत. पहिली रेघ कियोसातो नावाच्या तरुणानं मरता मरता ओढलेली. हा कुणी मोठा योद्धा नाही. एका अधिकाऱ्याबरोबर रक्षक म्हणून चालला होता, लवकरच लग्न व्हायचं होतं, आणि त्याला फक्त जगायचं होतं. बाकीचे मारेकऱ्याला ओरखडाही काढू शकले नाहीत. जगण्याच्या हट्टानं यानं तो काढला. दुसरी रेघ तोमोएची. ही त्याच कियोसातोची वाग्दत्त वधू. सूड घ्यायला आलेली, शत्रूंनी केनशिनजवळ पेरलेली, आणि पुढे त्याची बायको झालेली.

मारेकरी किती वर्षांचा? चौदा-पंधरा. चोशू पक्षाचा नेता कात्सुरा कोगोरो (ही इतिहासातली खरी व्यक्ती) या पोराला क्योतोत आणतो आणि रात्रीच्या खुनांसाठी वापरतो. का तयार होतो तो? गांजलेल्यांचं राज्य यावं म्हणून. त्याचा गुरू हिको त्याला बजावतो की या झगड्यात पडलास तर दुसऱ्याच्या हातातलं हत्यार होशील. पोरगं ऐकत नाही. लहानपणी दरोडेखोरांनी सगळ्यांना कापलं तेव्हा या मुलानं एकट्यानं त्यांच्यासाठी थडगी खणली होती, आणि मारणाऱ्यांसाठीसुद्धा! ज्याला मेलेल्या दरोडेखोराचीही दया येते, तोच दयेपोटी खुनी होतो. ॲरिस्टॉटल ज्याला ‘हामार्तिया’ म्हणतो, ती दुष्टपणातून न येणारी चूक, ती हीच.

आता जिथे मला ही कृती खरोखर मोठी वाटते तिथे येतो. 1864 च्या उन्हाळ्यात इकेदाया खानावळीवर शिन्सेनगुमीचा छापा पडतो, पाठोपाठ क्योतो जळतं, आणि हे दोघं ओत्सुच्या खेड्यात लपून राहायला जातात. नवरा-बायको असल्याचं ढोंग करून. इथे कथानक जवळजवळ थांबतं. तो भाजी लावतो, औषधं विकतो. ती स्वयंपाक करते, वहीत लिहिते. पूर्वी झोपेत कुणी जवळ आलं तर त्याची तलवार उपसली जायची. तोमोएनं एकदा अंगावर शाल घातली तर तिच्याच गळ्याशी पातं आलं होतं. तोच मुलगा इथे निवांत झोपतो. आणि दारूची चव बघा! गुरूनं सांगितलं होतं, दारू बेचव लागली तर बिघाड तुझ्यात आहे. क्योतोत त्याला ती रक्तासारखी लागायची. ओत्सुत गोड लागते. एवढ्याशा गोष्टीनं माणूस बरा होत असल्याचं कळतं, भाषण नाही, काही नाही.

पण प्रेक्षकाला काय माहीत असतं? हे टिकणार नाही. पूर्वकथेला ‘पुढे काय’ची उत्सुकता नसतेच. अथेन्सच्या प्रेक्षकालाही इडिपसचं काय होणार ते ठाऊक होतं. शेवट ठाऊक असला की साधी भाजीची पाटीसुद्धा बघवत नाही. मला वाटतं, या कृतीची ओढ इथे आहे, तलवारबाजीत नाही.

केनशिनला सत्य कळतं तिच्या वहीतून. इडिपसमध्ये आधी कृत्य, मग ओळख. इथे आधी कृत्य, मग ओळख, आणि मग पुन्हा तेच कृत्य! बर्फातल्या झुंजीत त्याचे डोळे, कान काम देईनासे होतात, तो अंदाजानं वार करतो, आणि मध्ये आलेली तोमोए त्याच वारानं कापली जाते. पहिल्यांदा कोणाला मारतोय हे त्यानं विचारलं नव्हतं. दुसऱ्यांदा त्याला दिसलं नाही.

आक्षेप आहेत. एक असा, की बाईला मारून पुरुषाची आत्मशुद्धी करण्याची ही जुनीच रीत. यात तथ्य आहे. तोमोएला स्वतःचा हेतू आहे, स्वतःचा अपराधभावही आहे, कारण आपण कियोसातोला जाताना अडवलं नाही हे तिला खातंय. तरीही तिच्या मृत्यूनंतर कॅमेरा तिला सोडून त्याच्याकडेच जातो. दुसरा आक्षेप, खून फार देखणे काढलेत. मला तो पटत नाही. रक्त सुंदर दिसतं, मान्य. पण मरणारा प्रत्येक वेळी माणूसच दिसतो.

2001 मध्ये याच दिग्दर्शकानं पुढचा भाग केला, केनशिनचा अंत दाखवणारा. तिथे दुःख खूप आहे, आजार आहे, पण ते वरून आणून ठेवल्यासारखं वाटतं. दुःखी गोष्ट आणि शोकात्मिका या एकच नव्हेत. दुसरीत प्रत्येक घाव माणसाच्या निवडीतून यावा लागतो.

राहिला तो क्रांतीचा प्रश्न. कांट म्हणेल, माणसाला केवळ साधन करू नका. कात्सुरानं नेमकं तेच केलं, आणि त्याला ते बोचतं हेही कृती दाखवते. पण गंमत अशी की क्रांती यशस्वी झाली! जानेवारी 1868 मध्ये तोबा-फुशिमीची लढाई जिंकली, शोगुनशाही संपली. ज्यासाठी मारलं ते मिळालं. हरला असता तर केनशिनला ‘सगळं व्यर्थ गेलं’ असं तरी म्हणता आलं असतं. जिंकल्यामुळे तेही म्हणता येत नाही. तो आपली तलवार रणांगणावरच सोडून चालू लागतो, आणि पुढची दहा वर्षं चालतच राहतो.

इथे थांबतो. कुणाला आक्षेपांवर भांडायचं असेल तर जरूर भांडा, तोमोएबद्दलच्या पहिल्यावर विशेष.