एमीची पत्रं : 'लिटल विमेन' परदेशात वाचताना

आजचं पुस्तक तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत असताना, उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचलं असेल. लुइसा मे अल्कॉट यांची 'लिटल विमेन'. शांता शेळके यांनी ती 'चौघीजणी' या नावानं मराठीत आणली, आणि मेग, ज्यो, बेथ, एमी या आपल्याच आळीतल्या मुली होऊन गेल्या.

आम्ही दोघी बहिणींनी ती अलीकडे पुन्हा वाचली ती अमेरिकेत, बॉस्टनहून कॉनकॉर्डला जाताना आगगाडीत, आळीपाळीनं मोठ्यानं वाचत. प्रवासात जड काही नको, हलकंफुलकं हवं, म्हणून हेच पुस्तक घेतलं होतं. माळ्यावरची नाटकं, ज्योचा मागून जळालेला झगा, खारवलेल्या लिंबांपायी एमीला शाळेत बसलेला मार. हसत हसत वाचलं. पण घरी कधी न जाणवलेली एक गोष्ट तिथे जाणवली, आणि आज तेवढंच मांडायचं आहे : या कादंबरीतला हलकेपणा ही बहिणींनी एकमेकींसाठी केलेली मेहनत आहे, आणि ते सगळ्यात स्पष्ट दिसतं ते घरापासून लांब असलेल्या एमीमध्ये.

एमी बहुतेक वाचकांची नावडती. तिनं ज्योची वही जाळली, इथून आपला राग सुरू होतो. पुढे युरोपची सहल ज्योच्या वाट्याला यायची ती एमीला मिळते, तेव्हा आपण ज्योच्या बाजूनं आणखी चिडतो. मग येतं एमीच्या पत्रांचं प्रकरण. लंडन, पॅरिस, हायडेलबर्ग. दुकानं, हवामान, सोबतीला कोण कोण भेटलं, आणि श्रीमंत फ्रेडनं मागणी घातली तर आपण हो म्हणू, असा हिशेबही. लहानपणी आम्ही हे प्रकरण भराभर उलटत होतो. मिरवणारी मुलगी, दुसरं काय!

या वेळी मात्र आम्ही तिथे थांबलो. फ्रेडचा हिशेब मांडताना एमी फक्त स्वतःचा विचार करत नाही. घरात पैसा नाही, आपल्यापैकी कुणीतरी एकीनं चांगल्या घरी पडायला हवं, बाकीच्या तिघींकडून ते होण्यातलं नाही, असं ती धरून चालते. थट्टेच्या सुरात घरची काळजी आहे. आणि आता अल्कॉटबाईंची रचना बघा. या हसऱ्या पत्रांच्या लगेच पुढच्या प्रकरणात आई ज्योला सांगते की, मला बेथची काळजी वाटते. म्हणजे तिकडून आनंद पाठवला जातोय, इकडे दुखणं सुरू होतंय. दोन्ही बाजू एकमेकींना जपतायत, आणि त्यामुळेच एकमेकींपासून लांब जातायत.

पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. बेथ खालावत चालल्याचं सांगणारं पत्र एमीला मिळतच नाही. त्यानंतरचं पत्र तिला स्वित्झर्लंडमध्ये, व्हेवेला गाठतं, तेव्हा बेथ गेलेली असते. घरचे ठरवतात की, आता निरोप घेणंही शक्य नाही, तर तिनं प्रवास अर्धवट सोडू नये. एमी ऐकते. तळ्याकाठच्या त्या सुंदर गावात ती एकटी बसून राहते.

ज्यांच्या घरातलं कुणी परदेशात आहे त्यांना हे वाक्य नवीन नाही : "येऊ नकोस, आता येऊन काय उपयोग?" त्या प्रवासात आम्हीही रोज रात्री फोनवर फक्त छान छान सांगत होतो. घरी असलेली थोरली बहीणही छानच सांगत होती. आईला चार दिवस दवाखान्यात ठेवलं होतं, हे आम्हाला परतल्यावर कळलं. आई बरी आहे. पण थोरलीवर रागवावं तर कोणत्या तोंडानं? आम्ही तरी खरं कुठे सांगत होतो?

कॉनकॉर्डला ऑर्चर्ड हाउस आहे. 1868 मध्ये लुइसांनी या घरात पहिला भाग लिहिला. दुसरा 1869 मध्ये आला. खोलीत त्यांचं लहानसं लिहायचं मेज आहे, आणि धाकट्या मेनं, म्हणजे खऱ्या एमीनं, भिंतींवर काढलेली चित्रं आजही आहेत. पण खरी बेथ, लिझी, या घरात कधी राहिलीच नाही. कुटुंब इथे राहायला आलं 1858 च्या उन्हाळ्यात; ती त्याच वर्षी मार्चमध्ये गेली होती. म्हणजे पुस्तकातलं चौघींचं भरलेलं घर लुइसांनी एका बहिणीच्या पश्चात कागदावर पुन्हा भरलं. हा हलकेपणा फुकटचा नाही, असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

आणखी एक. पुस्तकाच्या पैशातून लुइसांनी मेला चित्रकला शिकायला युरोपात पाठवलं. 1877 मध्ये आई वारली तेव्हा मे तिकडेच होती. एमीबद्दल जे लिहून ठेवलं होतं, ते आठ वर्षांनी असं घरातच घडलं. 1879 च्या डिसेंबरात, बाळंतपणानंतर काही आठवड्यांनी, मे पॅरिसजवळ वारली. तेव्हा बातमीची वाट पाहणारी लुइसा होती.

काही जण म्हणतात, ही कादंबरी फार गोड आहे, उपदेश करते. उपदेश आहे, नाकारत नाही. प्रकाशकानं मुलींसाठी गोष्ट मागितली होती, आणि सुरुवातीला खुद्द लेखिकेलाही हे काम फारसं आवडलं नव्हतं. पण गोडवा आणि आंधळेपणा एक नव्हे. आपण आनंदी पत्र लिहितो तेव्हा काय लपवतो, हे या पुस्तकाला पक्कं माहीत आहे.

तेव्हा एक विनंती. घरी गेल्यावर एमीच्या पत्रांचं प्रकरण आणि त्याच्या पुढचं प्रकरण एका बैठकीत, सलग वाचा. आणि मग लांब असलेल्या बहिणीला फोन करा. या वेळी थोडं खरंही सांगा.